मुलांच्या पावलांनीं पुणें-दर्शन

पुणें कसें पाहावें हें सांगणारीं माणसें पुण्यांत पुष्कळ आहेत, आणि तीं तें काम माझ्यापेक्षां अधिक अधिकारानें करतील. मी शिरूरचा एक शाळामास्तर. पुणें आम्हांला परकें नाहीं. जिल्ह्याचें ठिकाण म्हणून कोर्टकचेरीला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला आम्ही तेथें वरचेवर जातों. परंतु कामासाठीं एखाद्या शहरास जाणें वेगळें, आणि लहान मुलांचें बोट धरून तें शहर पाहावयास जाणें वेगळें. कामाला गेलेला मनुष्य शहर पाहातच नाहीं. मुलांना घेऊन गेलेला मनुष्य, निदान माझा तरी अनुभव असा कीं, शहरापेक्षां आपल्या मुलांनाच अधिक पाहतो. गेल्या हिवाळ्यांत एका रविवारीं असा एक दिवस आम्हीं काढला. त्या दिवशीं माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीमुळेंच एक गोष्ट मला समजली. ती आपल्यापुढें ठेवावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

शिरूरला आगगाडी नाहीं. घोडनदीच्या कांठचें आमचें गांव पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें. येथील माणसाचा सारा प्रवास एस. टी. नें किंवा मोटारीनें. माझा थोरला मुलगा नऊ वर्षांचा आणि धाकटी मुलगी सहा वर्षांची. पुण्याला जावयाचें तर आगगाडींत बसूनच, असा दोघांचा हट्ट होता. माझी थोरली बहीण दौंडला दिलेली आहे, आणि दौंड म्हणजे आगगाड्यांचें मोठें जंक्शन. पुण्याकडचा, सोलापुराकडचा, मनमाडकडचा आणि बारामतीकडचा, असे चार मार्ग तेथें एकत्र मिळतात. तेव्हां असें ठरलें कीं, शनिवारीं संध्याकाळीं आम्हीं न्हावरें, चौफुला ह्या मार्गानें दौंडला मुक्कामास जावें आणि रविवारीं सकाळीं ताई, दाजी व त्यांचा सात वर्षांचा मुलगा ह्यांच्यासह आगगाडीनें पुणें गांठावें. म्हणजे चार मोठीं माणसें आणि तीन मुलें.

आई गुडघ्यांच्या दुखण्यामुळें घरींच राहिली. निघण्यापूर्वीं तिनें धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीची शिदोरी बांधून दिली, आणि माझ्या हातांतील कागदाकडे पाहून विचारलें, "हे काय रे?" मीं कागद वाचून दाखविला. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपति, केळकर संग्रहालय, पर्वती, सारसबाग, कात्रजचें प्राणिसंग्रहालय आणि वेळ उरल्यास आगाखान राजवाडा. प्रत्येकापुढें मिनिटें मांडलेलीं होतीं. शाळेचें वेळापत्रक करण्याची संवय ती! आईनें सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "पोरांच्या पायानं चाल बाबा, तुझ्या पायानं नको." मीं हंसून कागद खिशांत घातला.

दौंडहून पुणें लोहमार्गानें सुमारें ७५ किलोमीटर आहे. ह्या प्रवासाचाहि मीं शिक्षकाला शोभेल असा उपयोग करण्याचें योजिलें होतें. केडगांव आलें तेव्हां मीं मुलांना सांगूं लागलों कीं, येथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. दुष्काळांत निराधार झालेल्या किती तरी मुलींना आणि विधवांना त्या थोर बाईनें येथें आसरा दिला, शिकविलें आणि हातांना काम दिलें. उरुळी आली तेव्हां १९४६ सालीं महात्मा गांधींनीं तेथें येऊन निसर्गोपचार आश्रमाची स्थापना केल्याचें सांगितलें. मुलांनीं माझें बोलणें ऐकलें, परंतु तें भिडेखातर. त्यांचें सारें लक्ष माझ्या भाच्याकडे लागलें होतें. रेल्वेच्या गांवांत वाढलेला तो सात वर्षांचा मुलगा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला खिडकींतून सिग्नल दाखवीत होता. कोणता रंग दिसला म्हणजे गाडी थांबेल, रुळांचा खडखडाट बदलला म्हणजे सांधा गेला असें कसें ओळखावें, समोरून गाडी येण्याआधीं कान कोठें लावावा, हें तो मोठ्या अधिकारानें सांगत होता. शिरूरच्या मुलानेंहि मग आपली विद्या काढली. यवतच्या बाजूला गुऱ्हाळाचा धूर दिसतांच त्यानें कढईंतला रस केव्हां उतरवावयाचा हें भाच्याला समजावून दिलें. दोघांचा हा देवघेवीचा व्यवहार पाहून मीं माझें व्याख्यान आवरतें घेतलें. तथापि खिशांतला कागद मात्र मीं पुनः एकदां काढून पाहिला.

पुणें स्थानकावर उतरून आम्हीं मेट्रो धरली. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलावी लागते. तेथें जमिनीखालीं सुमारें ३३ मीटर खोल उतरावयाचें असतें. एकामागून एक सरकते जिने खालीं जाऊं लागले, तसतशी धाकटी माझा हात अधिकाधिक घट्ट धरूं लागली. शेवटीं तिनें विचारलें, "बाबा, विहीर इतकी खोल असते का?" आमच्या बाजूला पाणी लागेपर्यंत विहीर खणतात, आणि पाणी न लागतां खणणारा कर्जांत बुडतो, हें तिनें घरीं पुष्कळ वेळां ऐकलेलें होतें. मी म्हणालों, "ही विहीर नव्हे, बाळ. हिच्या तळाशीं गाडी आहे." तिचें समाधान झालें. माझें मात्र लक्ष घड्याळाकडे होतें. जमिनीखालून स्वारगेटपर्यंत जाणारा हा मार्ग २०२४ च्या सप्टेंबरांत सुरूं झाला, आणि त्यामुळें आम्हां खेड्यांतून येणाऱ्यांची रस्त्यावरील गर्दींतून मुलें ओढीत नेण्याची यातायात पुष्कळच वांचली आहे, हें येथें सांगितलें पाहिजे.

कसबा पेठेंत वर येऊन आम्हीं शनिवारवाड्यापुढें उभे राहिलों. माझ्या कागदावर त्याला चाळीस मिनिटें होतीं. १७३० च्या जानेवारींत पहिल्या बाजीरावांनीं वाड्याचा पाया घातला, दोन वर्षांनीं वास्तुशांति झाली, पेशवाई बुडाल्यानंतर १८२८ सालच्या आगींत आंतील इमारती जळाल्या, असा इतिहास मीं मनांत जुळवून ठेविला होता. आंत गेल्यावर धाकटीनें चोहोंकडे पाहिलें. तट, हिरवळ, दगडी जोतीं आणि कोरडे हौद.

"बाबा, वाडा कुठं आहे?"

"हाच वाडा. घर जळून गेलं, जोतं राहिलं."

"मग घरातली माणसं कुठं राहायला गेली?"

ह्या प्रश्नाला माझ्या टिपणांत उत्तर नव्हतें. राज्यें कशीं गेलीं हें आम्ही शिकवितों. घर जळाल्यावर माणसें त्या रात्रीं कोठें निजलीं हें आम्ही शिकवीत नाहीं, आणि सहा वर्षांच्या मुलीला नेमकें तेवढेंच हवें असतें.

थोरला अजून दिल्ली दरवाज्यापाशींच रेंगाळला होता. त्या अजस्र दारांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत, तें आपण सर्वांनीं पाहिलें असेल. हत्तीनें धडक देऊन दार फोडूं नये म्हणून ही योजना. मी हें सांगणार तोंच तो म्हणाला, "बाबा, गळ्यातल्या पट्ट्याला असतात तसेच खिळे!"

श्रोतेहो, पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हें बोलणें कळावयाचें नाहीं, म्हणून थोडा खुलासा करतों. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत आमच्या तालुक्यांतील पिंपरखेडच्या परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलें बळी पडलीं. सारा मुलूख हादरला. लोक रस्त्यावर उतरले. बिबट्या मानगूट धरतो म्हणून तेथील शेतकरी बायका आणि पुरुष गळ्याभोंवतीं खिळ्यांचे पट्टे बांधून शेतांत जाऊं लागले. आमची शाळा तेथून दूर आहे, तरी त्या दिवसांत आमच्याहि वर्गांत मुलें दुसऱ्या कोणत्या विषयावर बोलत नसत. माझ्या मुलानें त्या पट्ट्यांचीं छायाचित्रें पाहिलेलीं होतीं. दरवाज्यावरचा खिळा आणि गळ्यांतला खिळा एकाच कामासाठीं आहे, हें त्याला कोणी सांगावें लागलें नाहीं. मी त्याच्या शेजारीं कांहीं न बोलतां उभा राहिलों. चाळीस मिनिटांचा दीड तास होऊन गेला.

येथेंच माझी चूक सुरूं झाली. वेळ गेला, तो आतां भरून काढला पाहिजे, असें मला वाटूं लागलें. लाल महाल आणि कसबा गणपति बाहेरूनच दाखवूं म्हणून मीं सर्वांना घाई केली, मंडईपर्यंत पुढें नेलें आणि तेथून शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत घातलें. तें संग्रहालय घाईनें पाहाण्याचें नव्हेच. जुन्या महाराष्ट्राचा आणि इतर प्रांतांचा सारा संसार तेथें मांडलेला आहे. दिवे आहेत, भांडीं आहेत, वाद्यें आहेत, कोरीव दारें आहेत, वस्त्रें आहेत. सुमारें वीस हजार वस्तूंचा तो संग्रह, आणि दालनामागून दालन, जिन्यामागून जिना. मी पुढें चालत होतों आणि "चला, चला" म्हणत होतों. वरच्या एका दालनांत मीं मागें वळून मुलें मोजलीं. दोन होतीं.

धाकटी बायकोबरोबर आहे असें मीं समजत होतों. बायको समजत होती कीं ती आत्याजवळ आहे. ताई समजत होती कीं ती बापाच्या हाताला आहे. तिघांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें, त्या क्षणाचें वर्णन मी करणार नाहीं. ज्यांच्यावर तो प्रसंग आला असेल त्यांना तें नको, आणि ज्यांच्यावर आला नसेल त्यांना तें सांगून समजणार नाहीं. मी जिना उतरून पुनः चढलों. नांव घेऊन हांका मारूं लागलों. दाजींना मात्र रेल्वेच्या नोकरीची शिस्त. ते एक शब्द न बोलतां सरळ खालीं जाऊन बाहेरच्या दारांत उभे राहिले. "आधी दार धरा, मग आंत शोधा," हें त्यांनीं मागाहून मला सांगितलें, आणि तें मीं जन्मभर लक्षांत ठेवीन.

दहा मिनिटें गेलीं असतील. आम्हीं केव्हांच मागें टाकलेल्या एका दालनांत, कांचेच्या कपाटापुढें, मांडी घालून ती बसलेली सांपडली. कपाटांत अडकित्ते होते. पक्ष्यांच्या आकाराचे, घोड्यांच्या आकाराचे, नाना तऱ्हांचे पितळी आणि लोखंडी अडकित्ते. चार पावलांवर तेथील एक रक्षक उभा होता. तो हळूच म्हणाला, "मोठ्यानं बोललो असतो तर घाबरली असती. कुणीतरी येईल म्हणून इथंच थांबलो." आपण हरवलों होतों ह्याची मुलीला गांवींहि नव्हती. तिनें मला पाहून विचारलें, "बाबा, आजीचा अडकित्ता इथं कुणी आणला?"

माझ्या आईजवळ एक जुना पितळी अडकित्ता आहे. दुपारीं जेवण झाल्यावर ती त्यानें सुपारी कातरीत बसते, आणि नात त्या आवाजावर तिच्या मांडीवर झोंपी जाते. तसाच एक त्या कपाटांत होता. मी म्हणालों, "हा आपल्या आजीचा नव्हे. तिच्यासारख्याच दुसऱ्या कुणाच्या तरी आजीचा असेल."

मला उभें राहवेना. बायको मुलीला पोटाशीं धरून बसली होती, आणि मीहि शेजारीं बसलों. त्या अवकाशांत प्रथमच मीं त्या संग्रहालयाच्या नांवाचा विचार केला. खरें सांगतों, तें नांव मीं पुष्कळदां वाचलें होतें, आणि 'राजा' म्हणजे कोणी संस्थानिक असावा, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. राजा हा दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणींच वारला. केळकरांचा जन्म १८९६ चा. ते 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहीत. जुन्या वस्तु जमविण्याचा त्यांना छंद होता, आणि मुलाच्या मृत्यूनंतर त्या छंदाचें व्रत झालें. खेडोपाडीं, जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून, पदरचे पैसे घालून, पत्नी कमलाबाईंच्या साहाय्यानें त्यांनीं हा संसार गोळा केला, त्याला मुलाचें नांव दिलें आणि पुढें तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० सालीं ते वारले. एका बापानें गेलेल्या मुलाच्या नांवानें सगळ्या लोकांचें घर जपून ठेविलें होतें, आणि त्याच घरांत मी, एक बाप, कागदावरील मिनिटें वांचविण्यासाठीं जित्या मुलीचा हात सोडून पुढें चाललों होतों. मीं तो कागद खिशांतून काढला, फाडला आणि बाहेर आल्यावर कचऱ्याच्या पेटींत टाकला.

मग सारसबागेंत हिरवळीवर आईची शिदोरी सोडली. मुलें जेवून लोळलीं. आम्हीं मोठ्यांनीं ठरविलें कीं, आतां कोठें जावयाचें तें मुलांनींच सांगावें. पर्वतीच्या पायऱ्यांना तिघांनींहि नकार दिला. "प्राणी," असें एकमत झालें. स्वारगेटहून बसनें आम्हीं कात्रजला गेलों. जुन्या मंडळींच्या आठवणींतील पेशवे उद्यानांतील प्राणिसंग्रहालय आतां तेथें नाहीं. १९९९ सालीं तेथील प्राणी कात्रजच्या ह्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांत हलविण्यांत आले. सुमारें १३० एकरांचा तो विस्तार, मध्यें मोठें तळें, आणि झाडी भरपूर. मुलांना धांवावयास जागा होती, आणि ह्या वेळीं प्रत्येकाच्या मागें एक मोठें माणूस नेमलेलें होतें.

हत्ती पाहून झाला, वाघ पाहून झाला. बिबट्याच्या आवाराशीं गर्दी होती. शहरांतलीं मुलें बापांच्या खांद्यांवर बसून त्याला हांका मारीत होतीं, हंसत होतीं. बिबट्या झाडाच्या सावलींत पडला होता. आमचीं दोन मुलें पुढें गेलीं नाहींत. धाकटी माझ्या मागें लपली. थोरला कठड्यापासून दहा हात दूर उभा राहून एकटक पाहूं लागला. शेजारचे एक गृहस्थ सहज म्हणाले, "अरे ये पुढं, घाबरतोस काय? तो आत आहे." मुलगा म्हणाला, "आमच्याकडं तो बाहेर असतो."

त्या गृहस्थांनीं आमचें गांव विचारलें, आणि शिरूर म्हणतांच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनीं बातम्या वाचल्या होत्या. त्यांची मुलगी माझ्या मुलाएवढीच होती. तिनें विचारलें, "मग तुम्ही शाळेत कसं जाता?" तेव्हां माझ्या मुलानें तिला सांगितलें. संध्याकाळीं एकट्यानें बाहेर जावयाचें नाहीं, चौघांनीं मिळून जावयाचें, मोठ्यानें बोलत किंवा गाणें म्हणत जावयाचें, उसाच्या कडेनें वांकून कांहीं करावयाचें नाहीं, अंगणांत दिवा ठेवावयाचा. ती मुलगी आणि तिचा बाप दोघेंहि लक्ष देऊन ऐकत होतीं. सकाळीं आगगाडींत भाचा गुरु झाला होता, आतां माझा मुलगा झाला.

परत येतांना त्यानें मला प्रश्न केला, "ह्याला इथं धरून ठेवलाय. मग सगळ्यांनाच का नाही धरत?" ह्या प्रश्नावर आमच्याकडे मोठीं माणसेंहि तावातावानें भांडतात. मीं त्याला माझ्या समजुतीप्रमाणें सांगितलें. घोड, कुकडी, चासकमान ह्या धरणांचें पाणी कालव्यांनीं आलें, माळ होते तेथें ऊस झाला, आपलीं घरें पक्कीं झालीं, तूं शाळेंत जाऊं लागलास. त्याच उसांत बिबट्याला दाट आडोसा मिळाला, पाणी मिळालें, कुत्रीं आणि शेळ्या मिळाल्या. त्याची मादी उसांतच पिलें घालते, आणि त्या पिलांना ऊस हेंच घर वाटतें. वनखात्याचे लोक पिंजरे लावतात, आणि जुन्नरजवळ माणिकडोहला अशा बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. परंतु ऊस आपणच लावला आहे, म्हणून त्याचा विचारहि आपल्यालाच करावा लागेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दोघांचंही घर एकच झालं." वर्गांत चाळीस मिनिटें बोलून मीं हें इतकें नीट मांडूं शकलों नसतों. त्याच्या भयावर हें उत्तर पुरेसें नाहीं हें मला ठाऊक आहे. ज्या आईबापांचीं मुलें गेलीं त्यांच्यापुढें तर मी हें उच्चारूंहि धजणार नाहीं. पण मुलाला पडलेला प्रश्न खरा होता, आणि तो पिंजऱ्यापुढें उभा राहिल्याशिवाय त्यानें मला विचारला नसता.

रात्रीच्या गाडींत तिन्ही मुलें दौंड येईपर्यंत झोंपलीं.

आतां आपल्यापैकीं जे कोणी असे मुलांना घेऊन मोठ्या शहरास जाणार असतील त्यांना ह्या एका दिवसाच्या भांडवलावर चार गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट, पाहाण्याच्या ठिकाणांची यादी जरूर करावी आणि मग ती निम्मी करावी. उरलेल्या निम्म्याचेंहि निम्मेंच पाहून होईल, आणि तें पुरेसें आहे. दुसरी, प्रत्येक मुलाला एक मोठें माणूस नांवानें नेमून द्यावें. सगळ्यांनीं मिळून सांभाळावयाचें मूल कोणीच सांभाळीत नाहीं. मुलाच्या खिशांत घरच्यांच्या फोनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि चुकामूक झाली तर असशील तेथेंच थांब, हें त्याला निघण्यापूर्वीं शिकवावें. मूल दिसेनासें झालेंच तर एकानें तात्काळ बाहेरचें दार धरावें. तिसरी, भूक, तहान आणि लघवी ह्यांना मुलें शेवटपर्यंत बोलत नाहींत. त्यांच्या वेळा मोठ्यांनीं ओळखाव्या. सकाळीं बंदिस्त जागा पाहाव्या, दुपारनंतर मोकळ्यावर न्यावें. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल एखाद्या वस्तूपुढें थांबलें तर आपणहि थांबावें. तें उगीच थांबत नाहीं. त्याला तेथें आपल्या घरचें कांहींतरी दिसलेलें असतें.

खेड्यांतून शहर पाहावयास गेलेल्या मुलाला आम्ही नकळत असें शिकवितों कीं, मोठें जें आहे तें सारें येथें आहे आणि तूं तें डोळे विस्फारून पाहा. तें खरें नाहीं. आमच्या मुलांनीं पुण्यांत विहीर पाहिली, गळ्यांतला पट्टा पाहिला, आजीचा अडकित्ता पाहिला आणि उसांतला बिबट्या पाहिला. मुलें आपलें घर बरोबर घेऊन शहरांत जातात, आणि त्या मापानें शहर मोजतात. दुसरें माप त्यांच्याजवळ नसतें, आणि तें माप कांहीं हलकें नाहीं. फक्त त्यांना मोजावयास वेळ दिला पाहिजे.

सोमवारीं रजा काढून आम्हीं शिरूरला परतलों. आईनें विचारलें, "किती ठिकाणं पाहिलीत?" मीं सांगितलें, "तीन, आणि जेवलों तें सारसबागेंत." ती म्हणाली, "पुष्कळ झाली." इतक्यांत धाकटीनें पानाचा डबा उघडून अडकित्ता काढला आणि गंभीरपणें सांगितलें, "आजी, ह्याला काचेचं कपाट पाहिजे. पुण्यात आहे तसं."

आईनें तो तिच्या हातांतून घेतला. "काचेत ठेवल्यावर सुपारी कशानं कातरू गं?" असें म्हणून तिनें डब्यांतली सुपारी काढली आणि ती कातरावयास बसली.